'नर्सिंगला जाऊ का?'

बारावीचा निकाल आणि जागतिक परिचारिका दिन हल्ली जवळपास एकाच सुमारास येतात. १२ मे रोजी पालघर जिल्ह्यातल्या सरकारी आणि खासगी रुग्णालयांत फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या तसबिरीला हार घातला जाईल, मेणबत्त्या लावून शपथ घेतली जाईल, गुलाबाची फुले वाटली जातील. त्याच दिवसांत सफाळ्यापासून तलासरीपर्यंत आणि केळव्यापासून मोखाड्यापर्यंत कितीतरी घरांत गुणपत्रिका समोर ठेवून मुली बसलेल्या असतील. त्यांतल्या अनेकींच्या तोंडी एकच प्रश्न असेल: नर्सिंगला जाऊ का?

हा प्रश्न आईला विचारला जातो, कॉलेजातल्या सरांना विचारला जातो, शेजारच्या आळीत कुणी सिस्टर असेल तर तिला. उत्तरे ठरलेली आहेत. कुणी म्हणते, घे की, नोकरी लगेच लागते, आजारी माणसे काही संपत नाहीत. कुणी म्हणते, रात्रपाळ्या, लोकांची घाण काढायची, पगार तुटपुंजा, पुढे लग्नाचे कसे होणार? परिचारिका दिनाच्या भाषणांत तिसरे उत्तर मिळते: सेवेसारखे समाधान नाही. तिन्हींत काहीतरी तथ्य आहे. पण नर्स दिवसभर आणि रात्रभर नेमके काय करते, हे तिन्हींतून कळत नाही. आयुष्यातली तीस-पस्तीस वर्षे कशात घालवायची हे ठरवायचे, तर आधी ते कळायला हवे.

पावसाळ्यातली एक पहाट घ्या. विक्रमगड किंवा कासा भागातल्या एखाद्या पाड्यावरून तरुणाला उचलून आणतात. रात्री जमिनीवर झोपला होता, मध्यरात्री पोटात दुखायला लागले, उलटी झाली, आता डोळे नीट उघडत नाहीत. दंशाची खूण सापडत नाही, सूज नाही, चावल्याचे त्याला आठवत नाही. घरच्यांनी आधी भगताकडे नेले होते. ड्यूटीवरच्या सिस्टरची नजर त्याच्या अर्ध्या मिटलेल्या पापण्यांवर जाते आणि तिच्या मनात मण्यारीचे नाव येते. मण्यार चावलेले फारसे दुखत नाही आणि सुजतही नाही. विष मज्जातंतूंवर जाते. आधी पापण्या पडतात, मग गिळता येत नाही, मग श्वास मंदावतो. ती डॉक्टरांना बोलावते, तोवर व्हेन शोधून सलाईन सुरू करते, ऑक्सिजन आणि अंबू बॅग जवळ ओढून घेते. पण चावणारा साप घोणस असेल तर रक्त गोठत नाही, म्हणून स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे अजिबात न हलवता ठेवावे लागते आणि मग नळी तिरपी करून पाहावी लागते. मध्येच कुणी नळी हलवली तर चाचणी फुकट. एएसव्हीच्या, म्हणजे सर्पविषावरच्या औषधाच्या, दहा कुप्या एकेक विरघळवून सलाईनमधून सोडायच्या, आणि पहिली काही मिनिटे रुग्णाजवळून हलायचे नाही, कारण त्या औषधाचीच रिअॅक्शन येऊन रक्तदाब कोसळू शकतो. अॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन तिने आधीच भरून ठेवलेले असते. त्यानंतर तासन् तास दर थोड्या वेळाने पाहायचे: पापणी किती वर येते, एका दमात किती आकडे मोजता येतात, मान उचलता येते का.

यातले 'सेवा' या शब्दात किती बसते? प्रेम आणि माया यात आहेच, पण त्याच्या आधी ज्ञान आहे, नजर आहे, आणि पहाटे चार वाजता एकटीने घेतलेला निर्णय आहे. डॉक्टर रुग्णाला राउंडच्या वेळी पाहतात. नर्स त्याला उरलेला सगळा वेळ पाहते. बिघडणारा रुग्ण पहिल्यांदा तिलाच दिसतो. नाइटिंगेलबाईंच्या हातातला दिवा आपण सर्वांनी लक्षात ठेवला, पण त्यांनी १८५९ साली लिहिलेल्या पुस्तकात रुग्णाच्या निरीक्षणावर स्वतंत्र प्रकरण आहे हे सांगायचे राहून गेले. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगांनी जास्त मेले, हे त्यांनी आकड्यांनी आणि आकृत्यांनी सरकारला दाखवून दिले. परिचारिका दिनाच्या कार्यक्रमात मेणबत्तीशेजारी ताप, नाडी आणि श्वास नोंदवण्याचा टीपीआर चार्ट ठेवला तर तो त्यांच्या कामाला अधिक शोभेल.

दुसरे उदाहरण लेबर रूमचे. बाळ जन्मले आणि रडले नाही. त्याला कोरडे करायचे, पाठ चोळायची, तोंडातला स्राव काढायचा आणि तरीही श्वास घेत नसेल तर पहिल्या मिनिटाच्या आतच मास्क लावून बॅगने हवा द्यायची. तेवढ्यात आईकडेही पाहायचे. बाळंतपणानंतर लगेच ऑक्सिटोसिनचे दहा युनिट दिले का, गर्भाशय आवळून कडक झाले का, की हाताला मऊ लागते आहे? मऊ लागले तर रक्तस्राव सुरू होणार, आणि रक्तस्राव सुरू झाला की आईचा जीव वाचवायला फार तर एक-दोन तास हाती असतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात अशा रात्री डॉक्टर दुसऱ्या रुग्णाकडे असतात किंवा रेफर केलेल्या रुग्णाबरोबर गेलेले असतात. तिथे सिस्टर असते आणि मावशी असते. बाळाचे ते पहिले रडणे जिने असे मिळवले, तिला कामातले समाधान म्हणजे काय हे भाषणातून ऐकावे लागत नाही.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे आमचे उत्तर निःसंदिग्ध आहे. होय, हे काम आयुष्य द्यावे असे आहे. फार थोड्या व्यवसायांत माणसाला दिवसाच्या शेवटी इतक्या थेटपणे कळते की आज आपल्या हातून काय झाले.

पण या समाधानाचा आपल्या समाजाने एक वाईट उपयोग करून घेतला आहे, आणि त्याबद्दल न बोलता मुलींना नुसते 'जा' म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. समाधान हा जणू पगाराचाच एक भाग आहे असे धरून आपण उरलेला पगार कमी केला, माणसे कमी केली, सुरक्षितता कमी केली. नर्सने पगाराचा विषय काढला की तिला सेवाभावाची आठवण करून दिली जाते. इंजिनिअरला, वकिलाला, तारापूरच्या कारखान्यातल्या केमिस्टला कुणी अशी आठवण करून देत नाही.

आकडे पाहू. राज्य शासनाच्या रुग्णालयात अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी सातव्या वेतन आयोगानुसार ३५,४०० रुपयांपासून सुरू होते, जिल्हा परिषदेच्या आरोग्यसेविकेची २५,५०० पासून. त्यावर भत्ते, रजा, बाळंतपणाची भरपगारी रजा. ही नोकरी ज्या मुलीला मिळते तिचे घर उभे राहते, धाकट्या भावंडांची शिक्षणे होतात. जिल्ह्यातल्या कितीतरी आदिवासी आणि मच्छीमार कुटुंबांत पहिला कायम पगार एखाद्या नर्सबाईचाच आलेला आहे. मात्र या जागा थोड्या, आणि भरती वर्षानुवर्षे लांबते. मधली पोकळी राष्ट्रीय आरोग्य अभियानातले अकरा महिन्यांचे करार आणि बाह्यस्रोतातून नेमलेले कर्मचारी भरून काढतात. काम तेच, रात्रपाळी तीच, जबाबदारी तीच. पगार आणि भविष्य मात्र वेगळे. मे २०२२ च्या अखेरीस राज्यभरातल्या परिचारिका संपावर गेल्या त्यामागे खासगी कंत्राटदारामार्फत भरती करण्याला विरोध हेच मोठे कारण होते. संपाने रुग्णांचे हाल झाले, हे खरे. पण वर्षाचे उरलेले दिवस एका नर्सच्या वाट्याला दोन-तीन नर्सचे रुग्ण देऊन जे हाल होतात, ते बातमीत येत नाहीत. अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक नर्स असावी असे प्रमाण सांगितले जाते. रात्री एखाद्या सरकारी जनरल वॉर्डात फेरी मारून यावे म्हणजे प्रमाण म्हणजे काय आणि वस्तुस्थिती म्हणजे काय हे कळेल.

खासगी रुग्णालयांची गोष्ट बोईसर आणि पालघरला अधिक लागू आहे, कारण इथली बहुतेक हॉस्पिटले लहान, पन्नास खाटांच्या आतली. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ मधल्या आदेशावरून केंद्राने खासगी रुग्णालयांतल्या नर्सच्या वेतनासाठी समिती नेमली. समितीने सांगितले की दोनशेहून अधिक खाटा असतील तर सरकारी नर्सइतकाच पगार द्यावा. त्याहून लहान रुग्णालयांना थोडी सूट दिली, आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही पगार महिना २०,००० रुपयांच्या खाली नसावा असे म्हटले. ही शिफारस होती. कायदा करणे राज्यांवर सोपवले. केरळातल्या नर्स रस्त्यावर उतरल्या आणि २०१८ साली तिथल्या सरकारला २०,००० रुपयांच्या किमान वेतनाची अधिसूचना काढावी लागली. आपल्याकडे लहान शहरांतल्या अनेक मुलींना तो आकडा आजही लांबचा वाटतो. आणि २०१६ चे वीस हजार म्हणजे आजचे वीस हजार नव्हेत.

पगार कमी ठेवण्याची आणखी एक वाट आहे आणि ती रुग्णाच्या जिवावरून जाते. सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा कुठला तरी 'नर्सिंग असिस्टंट' कोर्स केलेल्या, किंवा तोही न केलेल्या मुलीला गणवेश चढवून सिस्टर म्हणून उभे करायचे. रुग्णाच्या नातेवाइकाला फरक कळत नाही. फरक कुठे कळतो ते सांगतो. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींत मिळते, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट. सिरिंजही त्यानुसार वेगळी, लाल टोपणाची आणि केशरी टोपणाची. शंभरचे इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजने तेवढ्याच खुणेपर्यंत भरले तर रुग्णाला अडीचपट डोस जातो. शिकलेली नर्स कुपी हातात घेतल्यावर आधी तो आकडा वाचते. न शिकलेल्या मुलीचा यात दोष नाही. तिला कुणी शिकवलेच नाही, आणि चार-पाच हजारांसाठी ती बारा तास उभी आहे. दोष तिला उभे करणाऱ्याचा आहे, आणि स्वस्त पडते म्हणून डोळेझाक करणाऱ्या व्यवस्थेचा. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असलेली नर्स रुग्णालयात आहे का, हे रुग्णाने विचारायला सुरुवात केली तर बरेच काही बदलेल.

पालघर हा एका नावाखालचा निदान दोन जिल्ह्यांचा प्रदेश आहे, आणि नर्सचे काम दोन्हीकडे वेगळे आहे. बोईसर-तारापूरला १९६९ साली देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली, औषधे, रंग, रसायने आणि पोलाद यांचे कारखाने आले. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून कामगार आले. या वसाहतीत स्फोट, आग, वायुगळती या बातम्या आता धक्का देईनाशा झाल्या आहेत, हे लिहितानाही वाईट वाटते. जानेवारी २०२० मधला कोलवड्याचा स्फोट लोकांना आठवतो. ऑगस्ट २०२५ मध्ये एका औषध कारखान्यातल्या वायुगळतीत चार कामगार गेले. असा प्रसंग घडतो तेव्हा भाजलेल्या, गुदमरलेल्या माणसाला पहिला हात लागतो तो कॅज्युअल्टीतल्या सिस्टरचा किंवा ब्रदरचा. कपडे कापून काढायचे, अंगावरचे रसायन भरपूर पाण्याने धुवायचे, भाजल्याची टक्केवारी काढून किती सलाईन द्यायचे त्याचा हिशेब धरायचा. १९४८ च्या कारखाने कायद्याने पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात रुग्णवाहिका-कक्ष आणि तिथे वैद्यकीय व परिचर्या कर्मचारी ठेवण्याची अट घातली. तारापुरातले कितीतरी कारखाने त्या आकड्याच्या खाली राहतात, धोका मात्र खाली राहत नाही. लहान कारखान्यांनी गटागटाने एकत्र येऊन औद्योगिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेल्या नर्स तिन्ही पाळ्यांना नेमाव्यात, ही मागणी करायला अपघाताची वाट पाहण्याची गरज नाही.

आणि पूर्वेकडे घाटाच्या बाजूला जव्हार-मोखाडा. १९९२ मध्ये वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी सगळा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर योजना आल्या, जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयावरचा भार वाढत गेला. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा जिल्हा झाला तो याच भागाकडे लक्ष जावे म्हणून. तरीही ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाड्यातल्या बोटोशीच्या मर्कटवाडीत सातव्या महिन्यात घरीच जन्मलेली जुळी बाळे दगावली आणि रक्तस्राव होत असलेल्या आईला रस्ता नसल्याने झोळी करून तीन किलोमीटर चिखलातून आणावे लागले. जिल्हा होऊन दहा वर्षे झाली तरी पूर्ण क्षमतेचे जिल्हा रुग्णालय उभे नव्हते. गंभीर रुग्णाला सिल्वासा, नाशिक, ठाणे किंवा मुंबईची वाट धरावी लागे. अशा ठिकाणी उपकेंद्रातली आरोग्यसेविका हीच पुष्कळदा सगळी आरोग्यव्यवस्था असते. आदिवासी भागात तीन हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र असा नियम आहे. त्या तीन हजारांतली कोण गरोदर आहे, कुणाचे हिमोग्लोबिन सातच्या खाली गेले, कुणाची सिकलसेलची चाचणी राहिली, कोण दिवाळीनंतर भिवंडी-वसईच्या वीटभट्टीवर गेले आणि जाताना बाळाची लस चुकली, हे तिला तोंडपाठ असते. आशाताईंना बरोबर घेऊन ती पाड्यापाड्यावर जाते. शिवाय रजिस्टरे भरायची, पोर्टलवर माहिती चढवायची, आणि नेटवर्कसाठी टेकाडावर जायचे.

इथेच या जिल्ह्यातल्या मुलीची अशी एक ताकद आहे जी प्रवेश परीक्षेत मोजली जात नाही. तिला वारली कळते, किंवा मांगेली, वाडवळी, कातकऱ्यांची बोली कळते. पोटात दुखते म्हणजे कसे दुखते हे बाई आपल्या बोलीत सांगते तेव्हाच खरे कळते. बाहेरून आलेल्या कर्मचाऱ्याला जी बाई फक्त मान हलवून 'हो' म्हणते, ती आपल्या पाड्यातल्या पोरीला सगळे सांगते. केरळातून आलेल्या सिस्टरनी गेली अनेक दशके मुंबई परिसरातली रुग्णालये सांभाळली, त्यांचे ऋण मोठे आहे. पण मोखाड्याच्या बाळंतिणीला मोखाड्याचीच नर्स मिळणे याला वेगळी किंमत आहे. त्यासाठी जव्हार, विक्रमगड, डहाणूच्या आश्रमशाळांतल्या मुलींना आठवी-नववीपासून विज्ञान आणि इंग्रजी नीट शिकवावे लागेल. बारावीनंतर हळहळून उपयोग नाही.

किनाऱ्याकडच्या पट्टीतली नर्स मात्र बहुधा दक्षिणेकडे जाते. नायर, केईएम, कूपर, भगवती या मुंबईच्या रुग्णालयांत पालघर, बोईसर, डहाणूहून रोज जाणाऱ्या नर्स आहेत. २०१३ साली डहाणूपर्यंत लोकल आली आणि हे सोपे झाले. सकाळच्या पाळीसाठी पहाटेची गाडी पकडायची, दिवसभर वॉर्डात उभे राहायचे, परतीच्या गर्दीत विरारनंतर कुठे बसायला मिळाले तर मिळाले. २०२० च्या मार्चअखेरीस लोकल बंद झाल्या आणि अत्यावश्यक सेवेसाठी १५ जूनला पुन्हा सुरू झाल्या. त्या मधल्या अडीच-तीन महिन्यांत या बायका एसटीच्या बसने तासन् तास प्रवास करून कोविड वॉर्डात पोचल्या, पीपीई किटमध्ये घामाने भिजल्या, आणि घरी परतल्यावर मुलांना जवळ न घेता वेगळ्या खोलीत झोपल्या. त्यांच्यासाठी आपण थाळ्या वाजवल्या. त्या दिवसांत कंत्राटी म्हणून घेतलेल्या कितीतरी नर्सना साथ ओसरल्यावर घरी बसावे लागले, हेही त्याच वेळचे सत्य आहे.

लग्नाच्या काळजीबद्दल दोन शब्द, कारण ती अजून बोलली जाते. बाईने परक्या पुरुषाच्या शरीराला हात लावायचा, रात्री घराबाहेर राहायचे, मलमूत्र आणि रक्त हाताळायचे, म्हणून या कामाला आपल्याकडे जातीची आणि शुचितेची अढी होती. रमाबाई रानड्यांच्या पुणे सेवासदनाने विसाव्या शतकाच्या आरंभी नर्सिंगचे शिक्षण सुरू केले तेव्हा विधवांना आणि परित्यक्तांना या वाटेवर आणणे सोपे नव्हते. त्याच्याही आधी, १८९१ मध्ये, मुंबईत काशीबाई गणपत यांनी प्रशिक्षण घेतले. पश्चिम भारतातल्या पहिल्या भारतीय नर्समध्ये त्यांचे नाव घेतात. ती अढी आज बरीच सुटली आहे. कायम नोकरी असलेल्या नर्सला स्थळे येतात, आणि घरात कुणाची अँजिओप्लास्टी ठरली की अख्खे गोत तिलाच फोन करते. उरली आहे ती अढी रात्रपाळीची. त्यावर उपाय मुलीने नोकरी सोडण्याचा नाही, घरातल्या पुरुषाने सकाळी डबा भरण्याचा आहे. हळूहळू मुलगेही या पेशात येत आहेत, आणि यावेत. ब्रदर म्हणून काम करणाऱ्या तरुणांनी काळजी घेणे हे बायकांचेच काम ही समजूत जितकी मोडली तितकी कुठल्या व्याख्यानाने मोडली नसेल.

रात्रपाळीची खरी काळजी वेगळी आहे: सुरक्षिततेची. मे महिन्यातली दुसरी एक तारीख म्हणून ती इथे सांगावीशी वाटते. १८ मे २०१५ ला केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग गेल्या. २७ नोव्हेंबर १९७३ ला त्याच रुग्णालयात, ड्यूटी संपल्यावर, तिथल्याच एका कर्मचाऱ्याने त्यांच्यावर हल्ला केला, आणि पुढची जवळजवळ बेचाळीस वर्षे त्या अंथरुणावर होत्या. केईएमच्या नर्सनी त्यांना सांभाळले. ज्यांनी सुरुवात केली त्या निवृत्त झाल्या, त्यांच्यानंतरच्या आल्या, ज्यांनी अरुणाताईंना चालताबोलताना कधी पाहिलेही नव्हते त्या आल्या, आणि इतक्या वर्षांत त्यांच्या अंगाला शय्याव्रण होऊ दिला नाही. अंथरुणाला खिळलेला माणूस ज्या घरात काही महिने सांभाळला गेला आहे, त्या घराला यातला अर्थ कळेल. २०११ मध्ये दयामरणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा या नर्सनी विरोध केला, आणि न्यायालयाने त्यांच्या शुश्रूषेचा गौरव केला. नर्सिंग म्हणजे काय याचे याहून मोठे उदाहरण आम्हाला माहीत नाही. पण त्याच इतिहासाचा पहिला दिवसही विसरायचा नाही. एका नर्सला कामाच्या जागी सुरक्षित ठेवता आले नाही म्हणून बाकीच्या नर्सना बेचाळीस वर्षे तिची शुश्रूषा करावी लागली. आज जिल्ह्यातल्या किती ग्रामीण रुग्णालयांत रात्री सुरक्षारक्षक असतो, किती ठिकाणी नर्सना कपडे बदलायला कडी लागणारी खोली आहे, किती उपकेंद्रांच्या आवारात दिवा आहे? १२ मेच्या कार्यक्रमाला येणाऱ्या लोकप्रतिनिधींनी एवढे तीन प्रश्न विचारून यावे.

जग मात्र या मुलींची वाट पाहत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सुमारे २ कोटी ९८ लाख नर्स आहेत आणि आणखी ५८ लाखांची उणीव आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, त्यात नर्सही आहेत. आखाती देश, ब्रिटन, आयर्लंड इथल्या वाटा जुन्याच. जी जाईल तिला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. घरचे कर्ज फेडायला, आपल्या शिक्षणाला योग्य मोल मिळवायला ती जाते. तिने इथे राहावे असे वाटत असेल तर राहण्याजोगे काही इथे निर्माण करावे लागेल.

आणि ते करण्याची वेळ आत्ताच आहे. ३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराची पायाभरणी झाली, बुलेट ट्रेनचे स्थानक बोईसरला होत आहे. बंदराला मच्छीमारांचा जो विरोध आहे त्यावर आम्ही स्वतंत्रपणे लिहूच, पण या प्रकल्पांतून किती रोजगार येणार याच्या चर्चेत कुणी एकदाही विचारलेले नाही की एवढी माणसे येणार तर त्यांच्यासाठी नर्स किती लागतील. २०११ च्या जनगणनेतच जिल्ह्याच्या आजच्या हद्दीतली वस्ती तीस लाखांच्या घरात होती. बंदरासाठी क्रेन चालवायला तरुणांना शिकवायचे ठरते, ते चांगलेच आहे. त्याच हिशेबात शासकीय परिचर्या महाविद्यालयाच्या जागा, वसतिगृह आणि शिकवायला पूर्णवेळ अध्यापिका हेही धरले पाहिजे. उद्योगांच्या सामाजिक दायित्व निधीतून दरवर्षी रुग्णालयांना यंत्रे भेट मिळतात. एखादे व्हेंटिलेटर कमी द्या आणि तेवढ्या पैशांत जव्हार-मोखाड्याच्या मुलींची चार वर्षांची फी आणि राहण्याचा खर्च उचला. यंत्र वापरायला माणूस लागतो हे कोविडमध्ये आपण पाहिले.

आता ती मुलगी, जिची गुणपत्रिका अजून टेबलावर आहे. तिला एवढेच सांगायचे आहे की जायचे असेल तर पुरे शिकून जा. बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. त्याला बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते, राज्याची सीईटी द्यावी लागते. जी.एन.एम. तीन वर्षांचा, त्याला कला शाखेची मुलगीही जाऊ शकते, ए.एन.एम. दोन वर्षांचा. जी.एन.एम. नंतर पोस्ट बेसिक करून पदवी घेता येते, पुढे एम.एस्सी., अध्यापन, समुदाय आरोग्य अधिकारी असे मार्ग आहेत. सहा महिन्यांत सिस्टर करून देतो म्हणणाऱ्या जाहिरातीकडे पाहू नकोस. कॉलेजला भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र परिचर्या परिषद या दोन्हींची मान्यता आहे का, आणि विद्यार्थ्यांना शिकायला खरोखरचे रुग्ण असलेले किती खाटांचे रुग्णालय आहे, हे फी भरण्याआधी विचार. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या अनेक कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शुल्कमाफी २०२४ पासून आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती वेगळी आहे. तुझ्या कॉलेजला आणि प्रवेशाला त्यांतले काय लागू होते ते लेखी मागून घे. आणि अर्ज भरण्याआधी तुझ्या गावच्या उपकेंद्रात लसीकरणाच्या दिवशी जा, तिथल्या आरोग्यसेविकेला विचारून सकाळपासून दुपारपर्यंत तिच्याजवळ बस, आणि ती काय काय करते ते पाहा.